परत येण्याची हमी : पर्यटक व्हिसाचा मागोवा

उन्हाळी सुट्टीत युरोप पाहायचे असे घरात ठरले की जानेवारी-फेब्रुवारीतच एक जाडजूड फाईल आकार घेऊ लागते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढलेले ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, बँकेचा गोल शिक्का मारून आणलेले तीन ते सहा महिन्यांचे स्टेटमेंट, मागच्या वर्षांचे आयटीआर, कचेरीतून मिळालेले रजामंजुरीचे पत्र, निवृत्त असल्यास पेन्शनचे कागद, कोणत्या रात्री कोणत्या गावी मुक्काम याचा तारीखवार तक्ता, हॉटेलांची आणि परतीच्या विमानाची बुकिंग, तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा आणि सर्वांत वर, आम्ही फक्त फिरायला येत आहोत व अमुक तारखेला मायदेशी परतू, असे सांगणारे पत्र. मग अपॉइंटमेंटचा स्लॉट मिळेपर्यंत रोज संगणकासमोर बसायचे, केंद्रावर जाऊन दहा बोटांचे ठसे द्यायचे आणि पासपोर्ट घरी परत येईपर्यंत जीव टांगणीला. हे सारे इतके अंगवळणी पडले आहे की ते पूर्वापार असेच चालत आले असावे असे वाटते. प्रत्यक्षात या फाईलमधला एकेक कागद वेगळ्या काळात, वेगळ्या माणसांसाठी आणि वेगळ्या धास्तीपोटी जन्माला आला आहे. त्यांतले बहुतेक कागद मुळात हौशी प्रवाशासाठी नव्हतेच. ते आपल्यापर्यंत कसे येऊन पोचले, याचा मागोवा आपण घेऊ.

सुरुवात कौटिल्यापासून करावी लागेल. आर. शामशास्त्री यांनी १९०९ साली म्हैसूरहून ‘अर्थशास्त्रा’ची संहिता छापून प्रसिद्ध केली, तेव्हा अभ्यासकांना त्यात मुद्राध्यक्ष नावाचा एक अधिकारी भेटला. जनपदात येणाऱ्याला आणि जनपदाबाहेर जाणाऱ्याला मुद्रा देणे हे त्याचे काम. मुद्रेची किंमत एक माषक. मुद्रेशिवाय ये-जा करताना सापडणाऱ्याला बारा पण दंड. खोटी मुद्रा बाळगणाऱ्याला त्याहून मोठा दंड आणि तो बाळगणारा परमुलखातला असेल तर सर्वांत मोठा. वाटेत मुद्रा तपासण्याचे काम कुरणांवर देखरेख करणाऱ्या विवीताध्यक्षाकडे सोपवलेले होते, कारण गावांमधल्या मोकळ्या रानातूनच अनोळखी माणूस आत शिरणार. एवढेच नव्हे, तर कोण पाहुणा उतरला आणि कोण निघून गेला याची खबर घरमालकांनी आणि धर्मशाळावाल्यांनी नगराच्या अधिकाऱ्याला द्यावी, असाही दंडक आहे. शुल्क, तपासणी, बनावट कागदाची शिक्षा आणि मुक्कामाची नोंद हा आजच्या व्यवस्थेचा सारा सांगाडा इथे आधीच उभा दिसतो.

मात्र जुन्या जगातले बहुतेक परवाने एका बाबतीत आजच्याहून वेगळे होते. ते प्रवाशाच्या वतीने बोलत. बायबलमधला नेहेम्या इसवी सनापूर्वी ४४५ च्या सुमारास इराणच्या राजाकडून वाटेतल्या सुभेदारांच्या नावे पत्रे मागून घेतो, ती सुखरूप पोचवले जावे म्हणून. मोंगल सम्राट आपल्या दूतांना आणि मर्जीतल्या प्रवाशांना धातूच्या पट्ट्या देत. कुब्लाई खानाने दिलेल्या सोन्याच्या पट्टीमुळे पोलो मंडळींना वाटेत घोडे, शिधा आणि संरक्षण मिळत गेले. इंग्लंडमध्ये पाचव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १४१४ साली, राजाने दिलेल्या अभयपत्राचा भंग करणे हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला. आपल्याकडे १६६६ साली आग्र्यात नजरकैदेत असताना शिवाजी महाराजांनी सोबतच्या लोकांना दक्षिणेत परत धाडण्यासाठी बादशहाकडून दस्तके मागून घेतली आणि माणसे सुखरूप वाटेला लावली. मगच ते स्वतः निसटले. या सर्व कागदांमागचा भाव एकच होता : हा माणूस आमचा आहे, याला वाट द्या. जबाबदारी कागद देणाऱ्याची असे. प्रवाशाने स्वतःबद्दल काही सिद्ध करावे, अशी अपेक्षा त्यात नसे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज हिंदी महासागरात आले आणि परवान्याचा सूर बदलला. १५०२ नंतर त्यांनी कार्ताझ नावाच्या परवान्याची पद्धत बसवली. जहाज कोणाचे, नाखवा कोण, माल काय, हत्यारे किती, जायचे कुठे, हे सारे त्या कागदात लिहिलेले असे. तो नसेल तर जहाज जप्त. जाता-येता पोर्तुगीज ठाण्यांवर जकात भरणे हीही अटच होती. जो समुद्र शतकानुशतके सर्वांना मोकळा होता, त्यावर चालण्यासाठी आता परक्याची परवानगी लागू लागली. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७६ साली हजला निघाली तेव्हा तिच्यासारख्या राजस्त्रीलाही या कागदासाठी सुरतेला दीर्घकाळ खोळंबून राहावे लागले. त्या परवान्यांवर मेरी आणि येशू यांच्या प्रतिमा असत आणि त्या जवळ बाळगून हजला जावे का, असा प्रश्न मुघल दरबारातल्या धर्मपंडितांना पडला होता. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी कान्होजी आंग्र्यांनी या व्यवस्थेला कोकणच्या किनाऱ्यावरून उत्तर दिले. हा किनारा मराठ्यांचा आहे, तेव्हा इथून जाणाऱ्या गलबतांनी आमचे दस्तक घ्यावे, हा त्यांचा आग्रह होता. मुंबईकर इंग्रजांनी तो नाकारला आणि आंग्र्यांना चाचे ठरवले. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होऊन कुलाब्यावर चालून आले, तरी त्यांना हात हलवत परतावे लागले. परवाना देण्याचा हक्क म्हणजेच सत्ता, हे आंग्र्यांनी ओळखले होते.

आता आपण एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात येऊ. फ्रेंच राज्यक्रांतीने १७९१ साली संचाराच्या स्वातंत्र्याचा उद्घोष करून पासपोर्ट मोडीत काढले आणि पुढच्याच वर्षी, युद्धाच्या धास्तीने, ते परत आणले. त्यानंतरची काही दशके युरोपभर हिंडणाऱ्या प्रवाशाला दर राज्याच्या वकिलातीकडून आपल्या कागदावर शेरा आणि शिक्का घ्यावा लागे. इटली आणि जर्मनी तेव्हा अनेक राज्यांत विभागलेले होते, त्यामुळे एका सहलीत शिक्क्यांची रांग लागे. लंडनच्या मरे कंपनीच्या प्रवासी मार्गदर्शिका १८३६ पासून निघू लागल्या, त्यांत पासपोर्टवर स्वतंत्र मजकूर द्यावा लागला. ही व्यवस्था मोडली ती आगगाडीने. एकेका गाडीतून शेकडो माणसे उतरू लागल्यावर प्रत्येकाचा कागद न्याहाळणे पोलिसांना अशक्य झाले. १८६० च्या आसपास फ्रान्सने ही सक्ती उठवली, इतर देशांनीही तोच मार्ग धरला आणि शतक सरता सरता रशिया आणि तुर्कस्तान वगळता बहुतेक युरोपात कागदाविना फिरता येऊ लागले. टॉमस कुक कंपनीच्या सहली याच मोकळ्या काळात बहरल्या. १८८१ साली त्यांची कचेरी मुंबईतही उघडली. ऑस्ट्रियन लेखक स्टीफन झ्वाइग यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे की, १९१४ पूर्वी आपण हिंदुस्थान आणि अमेरिका पासपोर्ट न काढताच पाहिली, असे सांगितले की तरुणांना नवल वाटे.

परंतु हे मोकळे जग सर्वांसाठी नव्हते. ज्या दशकांत युरोपातला सुखवस्तू प्रवासी कागदातून सुटला, त्याच दशकांत गरीब आशियाई माणसाभोवती कागदांचे कुंपण उभे राहत होते. रत्नागिरीकडची मराठी माणसे मुंबई बंदरातून गिरमिटावर, म्हणजे कराराने बांधलेले मजूर म्हणून, मॉरिशसला गेली. मजुरांच्या निर्गमनपत्रात नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची आणि अंगावरच्या खुणा उतरवून घेतल्या जात. ओळखीची खूण लिहायचा आपल्या अर्जांतला रकाना त्या मजुराचा वारसा आहे. १८६० च्या दशकात मॉरिशसमध्ये मजुरांच्या ओळखपत्रावर छायाचित्र लावण्यात येऊ लागले. इंग्लंडच्या पासपोर्टवर फोटो यायला त्यानंतर पन्नासेक वर्षे जावी लागली. बोटांच्या ठशांची कथाही इथलीच. विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ साली बंगालमध्ये एका कंत्राटदाराच्या करारावर हाताचा ठसा उमटवून घेतला. १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली आणि अझिझुल हक व हेमचंद्र बोस यांनी त्यांच्या वर्गीकरणाची पद्धत घडवली. तिथून ती कला दक्षिण आफ्रिकेत पोचली. ट्रान्सवाल सरकारने १९०६ साली हिंदी लोकांवर नोंदणीची आणि ठशांची सक्ती आणली, तेव्हा ११ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात गांधीजींच्या पुढाकाराने जमलेल्या सभेने ती मानणार नाही अशी शपथ घेतली. सत्याग्रहाचा उगम तिथला. ज्या मागणीविरुद्ध माणसे तुरुंगात गेली, ती आज आपण काचेच्या पट्टीवर चार बोटे टेकवून विनातक्रार पुरी करतो.

परतीच्या तिकिटाचे मूळही मुंबई बंदरातच सापडते. वाफेच्या बोटी सुरू झाल्यावर हजला जाणाऱ्यांची संख्या वाढली. अनेक गरीब यात्रेकरू जाण्यापुरते पैसे जमवून निघत आणि जेद्दात अडकून पडत. साथीचे रोग आणि निराधार प्रजाजन ही सरकारला दुहेरी काळजी. त्यातून यात्रेकरूंसाठी वेगळे पासपोर्ट, बंदरावर त्यांच्यासाठी नेमलेला संरक्षक अधिकारी आणि १८८६ पासून काही वर्षे थेट टॉमस कुककडे सोपवलेली वाहतूक, असे प्रयोग झाले. अखेर १९२० च्या दशकात यात्रेकरूने परतीचे तिकीट काढावे किंवा तेवढी रक्कम अनामत ठेवावी, असा कायदाच झाला. जाणाऱ्याच्या हाती परत येण्याची सोय आहे ना, हा प्रश्न इथे करुणेपोटीही विचारला गेला होता, एवढे मात्र आपण लक्षात ठेवायला हवे.

आता वळू त्या तरतुदीकडे, जिला आजच्या पर्यटक व्हिसाची विस्मृतीत गेलेली पणजी म्हणता येईल. १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला. व्यापारी, विद्यार्थी आणि प्रवासी यांना सूट होती, पण आपण मजूर नाही हे त्यांनी प्रमाणपत्राने दाखवायचे होते. ५ जुलै १८८४ च्या दुरुस्तीने ही अट आणखी आवळली. प्रमाणपत्रातला मजकूर खरा आहे की नाही, हे निघण्याच्या ठिकाणच्या अमेरिकी प्रतिनिधीने आधी पडताळायचे आणि मगच त्यावर आपला शेरा द्यायचा. शिवाय जो निव्वळ देश पाहण्याच्या हौसेने येत असेल त्याच्या प्रमाणपत्रात तो अमेरिकेत हिंडणार की नुसता ओलांडून जाणार, आणि मायदेशी त्याची आर्थिक स्थिती काय, हेही नमूद हवे. हौशी प्रवासी, प्रवासाचा बेत, खिशातला पैसा आणि निघण्यापूर्वीच परक्या अधिकाऱ्याने केलेली छाननी या चारही गोष्टी एका कलमात एकत्र आल्या. आज जगभरच्या पर्यटक व्हिसाचा आराखडा हाच आहे, आणि तो रचला गेला तो चिनी माणसाला दाराबाहेर ठेवण्यासाठी.

याच वेळी एक मराठी मुलगी अमेरिकेच्या वाटेवर होती. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. अडथळे त्यांनाही पुष्कळ आले, पण ते घरचे होते. समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म बुडवणे मानणाऱ्या समाजापुढे, फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला, त्यांना आपल्या जाण्याची कारणे जाहीर सभेत सांगावी लागली. अमेरिकेच्या सरकारने मात्र त्यांच्याकडून व्हिसा मागितला नाही, कारण तशी वस्तूच तेव्हा नव्हती. अठरा वर्षांची ही मुलगी पैशांची चणचण सोसत गेली आणि १८८६ साली वैद्यकीची पदवी मिळवून डॉक्टर झाली. परत येण्याची आर्थिक हमी तिच्याकडून मागितली असती तर ती कुठून देणार होती? त्या काळी दार उघडे होते म्हणून एक इतिहास घडला, एवढे आपण निःसंकोच म्हणू शकतो.

ते दार आपल्यासाठीही लवकरच बंद झाले. १९०८ साली कॅनडाने दोन अटी घातल्या : मायदेशातून थेट, न थांबता आलेल्यालाच प्रवेश, आणि आशियाई माणसाच्या खिशात निदान दोनशे डॉलर हवेत. हिंदुस्थानातून कॅनडाला थेट बोटच नव्हती. नाव न घेता बंदी घालण्याची ही युक्ती होती, कारण हिंदी माणूस ब्रिटिश प्रजाजन असल्याने त्याला साम्राज्यात उघडपणे अडवणे अवघड होते. बाबा गुरदित सिंग यांनी ‘कोमागाता मारू’ भाड्याने घेऊन या अटींना आव्हान दिले. २३ मे १९१४ रोजी ३७६ प्रवाशांसह ती बोट व्हँकूवरला लागली. दोन महिने ती बंदरात तशीच उभी होती. मोजक्या प्रवाशांना उतरू दिले आणि २३ जुलैला युद्धनौकेच्या पहाऱ्यात बोट परत पाठवली. सप्टेंबरात ती कलकत्त्याजवळ बजबज येथे पोचली तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात कित्येक प्रवासी मारले गेले. बँक स्टेटमेंटच्या शेवटच्या ओळीतली शिल्लक पुरेशी दिसेल ना, या आपल्या काळजीमागे ते दोनशे डॉलर उभे आहेत.

त्याच उन्हाळ्यात महायुद्ध पेटले आणि पन्नास वर्षे मोकळ्या असलेल्या युरोपच्या सीमा काही आठवड्यांत बंद झाल्या. कार्ल लोडी नावाचा जर्मन हेर एका अमेरिकन माणसाच्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये वावरत होता. तो पकडला गेला आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये गोळ्या घालून त्याला मारण्यात आले. पासपोर्टवर फोटो लावण्याची सक्ती झाली ती या काळात. हिंदुस्थानातही भारत संरक्षण कायद्याखाली देशाबाहेर जाण्यासाठी आणि आत येण्यासाठी पासपोर्ट अनिवार्य झाला, आणि १९२० साली आत येण्याबाबत कायमचा कायदा आला. हे हत्यार राजकीय विरोधकांवर कसे चालते, हे महाराष्ट्राने लगेच पाहिले. १९१८ च्या वसंतात लोकमान्य टिळक होमरूलच्या शिष्टमंडळासह इंग्लंडला निघाले. ते कोलंबोपर्यंत पोचल्यावर ब्रिटिश मंत्रिमंडळाने त्यांचे पासपोर्ट रद्द केले आणि सर्वांना माघारी फिरावे लागले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात पत्रकार चिरोल यांच्यावरील बदनामीच्या खटल्यासाठी टिळकांना जाऊ दिले, तेही राजकीय चळवळ न करण्याच्या अटीवर. प्रवासाचे कारण पाहून परवानगी देणे आणि त्या कारणापुरतेच माणसाला बांधून ठेवणे, हा व्हिसाचा आजचा स्वभाव तेव्हाच दिसला होता.

युद्ध संपले तेव्हा या बंधनांचे काय करायचे, हा प्रश्न राष्ट्रसंघापुढे आला. ऑक्टोबर १९२० मध्ये पॅरिसला पासपोर्ट, सीमाशुल्क आणि सलग तिकिटे या विषयांवर परिषद भरली. युद्धपूर्व काळातले मोकळेपण शक्य तितक्या लवकर परत यावे, हा जमलेल्यांचा हेतू होता. तोवर निदान त्रास कमी व्हावा म्हणून त्यांनी शिफारशी केल्या : सर्वांचा पासपोर्ट एकाच नमुन्याचा, बत्तीस पानांचा असावा, देश सोडण्यासाठी लागणारे व्हिसे रद्द व्हावेत, प्रवेशाचा व्हिसा वर्षभर चालावा, त्याचे शुल्क दहा सुवर्ण फ्रँकांपेक्षा जास्त नसावे आणि नुसते ओलांडून जाणाऱ्याला एकच फ्रँक पडावा. सहा वर्षांनी, १९२६ साली, जिनिव्हाला पुन्हा बैठक झाली तोपर्यंत मोकळ्या सीमांची आशा मावळली होती. दरम्यान १९२२ साली फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी देश गमावलेल्या निर्वासितांसाठी खास ओळखपत्र काढले, म्हणजे कागदाविना माणसाला आता उभे राहायलाही जागा उरली नव्हती. तात्पुरती म्हणून आलेली व्यवस्था अशी कायमची झाली. आपल्या हातातले छोटे पुस्तक आजही बहुतांशी त्या पॅरिसच्या नमुन्यावर बेतलेले आहे.

यानंतरचे मोठे वळण पुन्हा अमेरिकेत आले. १९२४ च्या कायद्याने प्रवेशाची छाननी बंदरावरून उचलून परदेशातल्या वकिलातींत नेली. बोटीतून उतरल्यावर नव्हे, तर बोटीत बसण्याआधीच निर्णय व्हावा, हा त्यामागचा विचार होता. स्थायिक व्हायला येणारे आणि पाहुणे यांची फारकत त्यात झाली आणि तात्पुरता आलेला पर्यटक हा कायद्यातला एक वेगळा वर्ग ठरला. १९५२ च्या कायद्याने त्यावर कळस चढवला. त्याच्या २१४(ब) या कलमानुसार व्हिसा मागणारा प्रत्येक जण मुळात स्थायिक व्हायलाच निघाला आहे असे गृहीत धरायचे, आणि तसे नाही हे त्यानेच अधिकाऱ्याला पटवून द्यायचे. सुनेच्या बाळंतपणात मदत करायला न्यू जर्सीला निघालेल्या सांगलीच्या आजी खिडकीसमोर दोन मिनिटे उभ्या राहतात, तेव्हा घर, शेत, नवऱ्याची पेन्शन, मागे असलेली मुले-नातवंडे यांचे जे पुरावे त्या पिशवीत घेऊन आलेल्या असतात, ते या गृहीतकाला उत्तर म्हणून. कधी अधिकारी त्या पिशवीकडे पाहतही नाही. नकार आला तर त्या कलमाचा आकडा छापलेला एक कागद हाती येतो, आणि त्यावर अपील नसते. नेहेम्याला राजाने पत्र दिले होते. आजींना आपली बाजू एकटीने मांडायची असते.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे काय घडले, तेही पाहिले पाहिजे. १९५४ साली देशातली पहिली पाच प्रादेशिक पासपोर्ट कार्यालये निघाली, त्यांत मुंबई आणि नागपूर होती. तरी पासपोर्ट देणे-न देणे सरकारच्या मर्जीवर होते. सतवंत सिंग सॉहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली तीन विरुद्ध दोन मतांनी ही मर्जी संपवली : परदेशी जाणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. १९७८ च्या मनेका गांधी निकालाने या हक्काला अधिक बळ दिले. अडचण उरली ती पैशांची. परकीय चलन इतके दुर्मीळ होते की रिझर्व्ह बँकेच्या ‘पी’ फॉर्मशिवाय तिकीट निघत नसे, आणि त्या पिढीतले कित्येक जण खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसल्याची आठवण सांगतात. गंमत अशी की, पैसा नसलेल्या त्या काळात इंग्लंडचे दार बरेच सैल होते. १९६२ पर्यंत राष्ट्रकुलातल्या नागरिकाला तिथे मुक्त प्रवेश होता आणि पर्यटकाला तर १९८६ पर्यंत आगाऊ व्हिसा लागत नव्हता. त्या वर्षी ब्रिटनने भारत, पाकिस्तान, बांगलादेश, घाना आणि नायजेरिया या देशांवर तो लादला. सहलींचा मराठी बाजार फुलू लागला तोही नेमका याच दशकात. जाण्याची ऐपत आली आणि दार अरुंद झाले, असा हा योग.

मुंबईकरांच्या आठवणीत या अरुंद दाराचे एक ठिकाण पक्के आहे : ब्रीच कँडीचे लिंकन हाऊस. पूर्वी वांकानेरच्या संस्थानिकांचा महाल असलेल्या या वास्तूत अमेरिकेची वकिलात होती, आणि भुलाभाई देसाई रस्त्याच्या पदपथावर पहाटेपासून माणसांची रांग लागे. उन्हात, पावसात, फाईल प्लास्टिकच्या पिशवीत छातीशी धरून. ती रांग आत कुठेतरी नेऊन बसवण्याच्या गरजेतून २००१ साली मुंबईत झुबिन करकरिया यांनी व्हीएफएस ही कंपनी सुरू केली. अर्ज घेणे, कागद तपासणे, शुल्क भरून घेणे ही कामे खासगी केंद्राने करायची आणि निर्णय तेवढा वकिलातीने घ्यायचा, ही कल्पना इथून निघून शंभराहून अधिक देशांत पसरली. २०११ च्या नोव्हेंबरात अमेरिकेची वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात गेली आणि पदपथ मोकळा झाला. अर्जदाराला छप्पर, खुर्ची आणि टोकन क्रमांक मिळाला, ही सुधारणा मोलाची. मात्र ज्याच्या हाती निर्णय आहे तो माणूस बहुतेक देशांच्या बाबतीत दिसेनासा झाला. काउंटरवरच्या मुलीला आपली अडचण कितीही कळकळीने सांगितली तरी तिच्या हातात काही नसते.

आणि आता शेवटचा टप्पा. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावापाशी, मोझेल नदीतल्या बोटीवर, पाच देशांनी आपसांतल्या सीमा उघडण्याचा करार केला. २६ मार्च १९९५ पासून तो अमलात आला आणि आज त्यात २९ देश आहेत. पॅरिसच्या परिषदेचे स्वप्न आतल्यांपुरते खरे झाले, बाहेरची तटबंदी तेवढी उंच झाली. २००४ पासून विम्याची अट आली, भारतात नोव्हेंबर २०१५ पासून ठसे घेतले जाऊ लागले, जून २०२४ मध्ये शुल्क नव्वद युरो झाले, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या नव्या यंत्रणेत सीमेवरची नोंद चेहरा आणि ठसे यांवरून संगणकात होते. पासपोर्टवर शिक्का उमटवण्याची जुनी रीत त्यामुळे इतिहासजमा होऊ लागली आहे.

एवढे चालून आल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसते. आपल्या फाईलमधले कागद गिरमिटिया मजूर, हजयात्री, चिनी प्रवासी, ‘कोमागाता मारू’वरचे उतारू आणि युद्धकाळातले संशयित यांच्यासाठी घडले. ज्यांना त्याबद्दल बोलण्याचा अधिकार नव्हता, त्यांच्यावर ते आधी लादले गेले आणि मग सर्वांचे झाले. म्हणून व्हिसा नाकारला गेला तर तो आपल्या चारित्र्यावरचा निकाल समजून कोणी खाली मान घालू नये. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची एक धास्ती आपल्या वाट्याला आलेली असते, इतकेच. दुसरे असे की, ही व्यवस्था माणसांनी केली आहे आणि माणसांनी ती वेळोवेळी सैलही केली आहे. फ्रान्सने आगगाडीच्या काळात केली, भारताने नोव्हेंबर २०१४ मध्ये परक्या पर्यटकांसाठी ऑनलाइन परवाना आणून केली, मलेशियाने डिसेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसामाफी देऊन केली, युरोपीय संघानेही एप्रिल २०२४ मध्ये आधीचे दोन व्हिसे नीट वापरलेल्या भारतीयांसाठी दोन आणि पुढे पाच वर्षांच्या व्हिसाची वाट करून केली. नकाराचे कारण लेखी देणे आणि अपिलाची सोय ठेवणे हे शेंगेनच्या नियमांत आहे, तर ते इतरांनाही अशक्य नाही. सीमा असलेल्या जगात विचारपूस राहणारच, आणि ती कौटिल्याच्या काळीही होती. पण प्रत्येक कागदाला त्याचा जन्म कोणत्या भीतीतून झाला आणि ती भीती आज जिवंत आहे का, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. ते वारंवार विचारले गेले, तरच पॅरिसला १९२० साली जमलेल्यांनी तात्पुरती म्हणून स्वीकारलेली ही व्यवस्था कधीतरी खरोखर तात्पुरती ठरेल.